अकरा महिने झाकून ठेवलेली मोटर
जुन्या आउटबोर्ड इंजिनांतील पेट्रोल आणि ऑइलच्या प्रश्नाचा आढावा

मे संपत आला की पावसाळ्यापूर्वीची तयारी सुरू होते. गोदामातली रबरी बोट बाहेर काढायची, तिच्यात हवा भरायची, लाइफ जॅकेट मोजायची, जवळच्या तलावावर नेऊन मागच्या फळीला मोटर लावायची. मग दोरी ओढली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला मोटर चालू झाली तर सगळे पुढच्या कामाला लागतात. पंधराव्या ओढीनंतरही ती नुसती खोकत राहिली, तर काठावरचा प्रत्येक जण आपापलं निदान सांगू लागतो. कोणी म्हणतं प्लग गेला, कोणी म्हणतं पेट्रोल जुनं झालं, कोणी म्हणतं ऑइल जास्त पडलं. यातलं काय पक्कं ठरलेलं आहे, कशावर जाणकारांतही मतभेद आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे एकदा क्रमाने मांडून पाहायला हवं.

यवतमाळला बोटीची मोटर कशाला?

जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याचा वेढा आहे. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, आणि मधल्या भागातून बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस. धरणांच्या जलाशयांत मासेमारी चालते, पण ती बहुतेक वल्ह्याच्या नावेवर आणि डोंग्यावर. मोटर लागते ती पुरात. जुलै २०२२ मध्ये वणी तालुक्यातल्या वर्धाकाठच्या गावांना पाण्याने वेढलं होतं. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं अडकली, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागावी लागली. राज्य आपत्ती प्रतिसाद दल २०१६ पासून आहे. त्याच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात. नागपूरहून उमरखेड किंवा महागावला पोचायला रस्ता मोकळा असतानाच चार-पाच तास लागतात, आणि पुरात पहिला बंद होतो तो रस्ताच. म्हणून तालुक्यात ठेवलेली बोट आणि तिची मोटर यांचं मोल मोठं. ती मोटर वर्षाला जेमतेम काही तास चालते, हीच आपल्याकडच्या प्रश्नाची खरी गाठ आहे.

या यंत्रांविषयी जगभर जे काही लिहिलं-बोललं गेलं, ते मुख्यतः दोन प्रकारच्या माणसांचं आहे. एक, रोज समुद्रावर जाणारा मच्छीमार. दुसरा, उन्हाळाभर तळ्यावर फिरणारा आणि हिवाळ्यात मोटर बांधून ठेवणारा पाश्चात्त्य हौशी. आपली मोटर या दोघांच्याही हिशेबात बसत नाही. ती पावसाच्या दमट हवेत तयार उभी राहते, आणि बोलावणं येईल ते मध्यरात्री.

दोन ठोक्यांचं इंजिन आणि त्याचं ऑइल

नॉर्वेत जन्मलेल्या ओले इव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड मोटर बाजारात आणली. जपानच्या यामाहाची पहिली आउटबोर्ड १९६० ची. त्या काळापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत यातली बहुसंख्य इंजिनं टू-स्ट्रोक होती: वजनाला हलकी, भाग थोडे, दोरीने चालू होणारी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी टाकी खाली नसते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये जाण्याआधी क्रँककेसमधून जातं आणि जाता जाता बेअरिंगांना वंगण देतं. म्हणून ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. ते विसरलं तर इंजिन काही मिनिटांत जाम होतं. त्याला दुसरी संधी नसते.

यवतमाळच्या माणसाला हे नवीन नाही. राजदूत, लुना, आरएक्स १०० या गाड्या चालवलेल्या पिढीने पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल मापून घेतलेलं आहे. त्या गाड्या गेल्या, पण कापसावर फवारणीसाठी पाठीवर घ्यायचे पेट्रोल पंप आले आणि त्यातले बरेचसे टू-स्ट्रोक आहेत. जिल्ह्यात या इंजिनांची नस ओळखणारा माणूस शोधायचा तर तो फवारणी पंपाच्या दुरुस्तीच्या दुकानात सापडतो. माझ्या मते हे दुर्लक्षित भांडवल आहे. मात्र फवारणी पंप हवेने थंड होतो आणि बोटीची मोटर पाण्याने, आणि पहिला मोठा वाद नेमका इथून निघतो.

कोणतं ऑइल, आणि किती?

पाण्यावरच्या मोटरसाठी अमेरिकेतल्या सागरी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेलं मानक टीसी-डब्ल्यू३. या ऑइलमध्ये राख सोडणारी धातुयुक्त द्रव्यं नसतात. दुचाकीच्या टू-टी ऑइलला जपानी जासो मानक लागतं. त्यात थोडी राख चालते, कारण हवेने थंड होणारं इंजिन फार तापतं आणि त्याला तशा द्रव्यांची गरज असते. बोटीचं इंजिन थंड चालतं. त्यात ही राख पिस्टनवर आणि प्लगवर साचते, आणि साचलेला कण तापून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो. उत्पादकांचं म्हणणं म्हणूनच स्पष्ट आहे: टीसी-डब्ल्यू३ च वापरा.

दुसरी बाजू कारागिरांची आहे आणि तीही ऐकण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं, वर्षात पाच-सात तास चालणाऱ्या मोटरमध्ये राख साचायला अनेक वर्षं जातील. तालुक्याच्या बाजारात सागरी ऑइल मिळत नाही, दुचाकीचं मिळतं. ऐन पुरात ‘योग्य’ ऑइलची वाट पाहण्यापेक्षा मिळेल ते टू-टी घाला. मला या दोन म्हणण्यांत खरा विरोध दिसत नाही. एक वर्षभराची शिस्त सांगतं, दुसरं संकटातली तडजोड. खरी चूक तिसरीच आहे: डिझेल इंजिनाचं किंवा मोटारीचं साधं ऑइल पेट्रोलात ओतणं. ते पेट्रोलात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं आणि काजळी करतं. याबाबत मात्र दोन मतं नाहीत.

प्रमाणाचा इतिहास मोठा आहे. अगदी जुन्या इंजिनांना, ज्यांत काशाचे बुश असत, पेट्रोलाच्या सोळाव्या किंवा चोविसाव्या भागाइतकं ऑइल लागे. साठच्या दशकात सुई-बेअरिंग आले आणि ५०:१ रूढ झालं. ऐंशीच्या दशकात काही उत्पादकांनी १००:१ ची शिफारस केली. धूर कमी झाला, पण बराच काळ बंद राहणाऱ्या इंजिनांत बेअरिंगांवर गंज दिसू लागला, आणि पुष्कळ जण ५०:१ कडे परतले. गंज चढला तो उभ्या मोटरवर. ऑइलचा थर चालताना घर्षण रोखतो आणि उभं असताना दमट हवा रोखतो. आपल्या मोटरच्या आयुष्यात दुसऱ्या कामाचे दिवस कितीतरी जास्त.

आकड्यांत बोलायचं तर २० लिटरच्या टाकीत ५०:१ म्हणजे ४०० मिली, २५:१ म्हणजे ८०० मिली. नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिले काही तास २५:१ देतात. पुढेही तेच चालू ठेवावं, ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा’, असं मानणारे बरेच आहेत. दुसऱ्या बाजूचा मुद्दा असा, की कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, प्लग ओला-काळा होतो आणि मोटर चालू करताना त्रास देते. पुरात चालूच न होणारी मोटर आणि चालता चालता जाम होणारी मोटर, दोन्ही सारख्याच निरुपयोगी. मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण पाळणं, आणि पुस्तिका हरवली असेल तर ५०:१, हा सर्वाधिक मान्य असलेला मार्ग.

पेट्रोल बदललं

ऑइलचा वाद जुना, पेट्रोलचा नवा. इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले आणि त्यांतली दोन ठिकाणं महाराष्ट्रातलीच होती: मिरज आणि मनमाड. २०२२ च्या मध्याला देशभर सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, ६ फेब्रुवारी २०२३ ला २० टक्क्यांच्या इंधनाची विक्री सुरू झाली, आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र मिळू लागलं. आयात कमी होणं आणि ऊस-मक्याला गिऱ्हाईक मिळणं हे यामागचे हेतू. उमरखेड-महागावकडच्या ऊसपट्ट्याला त्याचं महत्त्व सांगायला नको. या धोरणाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. धोरण बरोबर की चूक हा या लेखाचा विषय नाही. पंपावर जे मिळतं ते जुन्या मोटरमध्ये काय करतं, एवढाच आहे.

तीन गोष्टी घडतात. पहिली, इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. नव्या मोटारीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं एक भोक. त्याला काही ओळखता येत नाही. मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. यावर प्रतिपक्ष सांगतो की इथेनॉल वाफ होताना उष्णता शोषतं, त्याचा ऑक्टेन अधिक, त्यामुळे ठोका कमी बसतो. दोन्ही परिणाम खरे आहेत. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पूर्ण वेगाला कोणता वरचढ ठरतो, हे मॉडेलगणिक बदलतं. बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांची लिखित मर्यादा १० टक्क्यांची आहे. काही कारागीर मोठा जेट बसवतात. तसं करायचं तर प्लगचा रंग पाहत, पायरी-पायरीने; अंदाजाने नव्हे.

दुसरी गोष्ट रबराची. जुने पाइप, त्यांतल्या रबरी फुग्याच्या झडपा, पंपाचा पडदा आणि फ्लोटची सुई इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. जुन्या टाकीतला आणि पाइपातला चिकट थर सुटतो आणि थेट जेटमध्ये जाऊन बसतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं, की काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात आणि तो खर्च फार नाही. मोटरसायकलसाठी हे उत्तर पुरेसं असेल. बोटीची मोटर किलोमीटर मोजत नाही. तिचं रबर उभ्या उभ्या भिजत राहतं. दर काही वर्षांनी, मोटर चालली असो वा नसो, पाइप आणि पडदे बदलावेत, यावर धोरणाचे समर्थक आणि टीकाकार सहज एकमत होऊ शकतील.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर: पाणी. इथेनॉल पाणी धरतं. १० टक्के मिश्रण सामान्य तापमानाला लिटरमागे साधारण ५ मिली पाणी सामावून घेतं. २० टक्के मिश्रण त्याहून अधिक. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री तापमान उतरलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर करतात. टाकीतली नळी तळातून ओढते. टू-स्ट्रोकचं दुर्दैव असं, की ऑइल वरच्या पेट्रोलातच राहतं. मोटर चालू झालीच, तर ती वंगणाशिवाय चालते.

हे पाणी येतं कुठून, यावर मात्र मतभेद आहेत. एक मत सांगतं, दमट हवेतून, टाकीच्या हवेच्या छिद्रातून. दुसरं मत असं की हवेतून शोषण फार हळू होतं. खरं पाणी येतं ते झाकणातून, पावसात टाकी भरताना आणि ओल्या डब्यातून. गोदामातल्या मोटरसाठी पहिलं कारण आणि पुरातल्या बोटीसाठी दुसरं जास्त लागू असावं असं मला वाटतं. शंका असेल तर तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवावं. थर दिसला की ते पेट्रोल मोटरला द्यायचं नाही. नवं पेट्रोल वर ओतलं की जुना थर बरा होतो, हा गैरसमज मात्र फार खोल रुजलेला आहे.

बंद ठेवताना: रिकामी की भरलेली?

सर्वाधिक हिरिरीने वाद होतो तो इथे. पहिली बाजू: मोटर बंद करण्याआधी पेट्रोलचा पाइप काढावा, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत ती चालू द्यावी. उरलेलं पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं आणि मागे चिकट डिंक ठेवतं. पायलट जेटचं भोक केसाएवढं. तेवढ्याशा डिंकाने ते बुजतं. दुसरी बाजू: असं कोरडं करून कार्बोरेटर पूर्ण रिकामा होतच नाही, तळाशी थेंब उरतात आणि तेच आधी सुकतात, शिवाय गॅस्केट वाळून आकसतात. त्यापेक्षा स्थिरक द्रव्य घातलेलं ताजं मिश्रण भरून ठेवावं. कोरडं करण्यातला एक बारीक धोका पहिल्या बाजूवालेही कबूल करतात: कोरडं होत जाताना शेवटच्या क्षणी मिश्रण पातळ होतं आणि ऑइलही संपतं, म्हणून ते निवांत वेगावरच करायचं.

इथेनॉल नसलेल्या दिवसांत दुसऱ्या बाजूचं पारडं जड होतं. आता ते पहिल्याकडे झुकलं आहे, पण एका सुधारणेसह: कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून पेट्रोल पूर्ण गाळून घ्यायचं, आणि प्लगच्या छिद्रातून थोडं ऑइल सोडून दोरी हळू फिरवायची. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरा मार्ग दोन्ही बाजूंना मान्य आहे आणि आपल्याला तोच सर्वांत उपयोगी: महिन्यातून एकदा मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवायची. कोरडी कधीच चालवायची नाही. पाणी खेचणारा रबरी पंखा पाहता पाहता जळतो. पुरातून परतल्यावर तर स्वच्छ पाण्यात चालवणं अटळच आहे. आपल्या काळ्या मातीचा गाळ थंड पाण्याच्या वाटांत बसला की वाळून घट्ट होतो. मग पुढच्या वेळी मोटर तापते आणि लोक ऑइलला दोष देतात.

बिघाड शोधताना

निदानाच्या क्रमाबाबत वाद जवळजवळ नाही. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहायचं. पाच मिनिटं चालून बंद पडणाऱ्या कितीतरी मोटरींचा रोग एवढाच असतो: हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. मग पाइपमधला रबरी फुगा दाबायचा. तो कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा त्याची झडप गेली. तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर टाकीकडे अडथळा. मोटर दम तोडत असताना फुगा दाबला आणि ती पुन्हा जिवंत झाली, तर दोष पेट्रोल पंपाचा. चोक ओढल्यावर सुधारली, तर जेटमध्ये कचरा. त्यानंतरच प्लग काढायचा: ओला-काळा म्हणजे जास्त ऑइल किंवा कमजोर ठिणगी, पांढराफटक म्हणजे पातळ मिश्रण, पाण्याचे मणी म्हणजे इंधनातलं पाणी किंवा गेलेलं हेड गॅस्केट. घाईत माणसं नेमका उलटा क्रम धरतात, प्लगपासून सुरुवात करतात आणि हवेचा स्क्रू शेवटी आठवतो.

ज्या टू-स्ट्रोक मोटरींत ऑइल आपोआप मिसळणारा पंप असतो, त्यांच्याबाबत मतभेद आहे. काही जण तो जुना झाला की बंद करून हाताने मिसळतात. कारण पंप गेला तर कळेपर्यंत इंजिन गेलेलं असतं. काहींच्या मते इशारा देणारा भोंगा चालू असेल तर पंपाचं माप माणसाच्या मापापेक्षा अचूक. नव्या फोर-स्ट्रोक मोटरींत वेगळीच तक्रार: ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते. थंड इंजिन निवांत वेगावर बराच वेळ चाललं की न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पट्टीवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

जे अजून ठरलेलं नाही

२० टक्के मिश्रणाच्या चाचण्या प्रामुख्याने मोटारी आणि दुचाकींसाठी झाल्या. वर्षभर उभ्या राहणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरीचं विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हात आणि लगेच जुलैच्या दमटपणात काय होतं, हा स्वतंत्र प्रश्न आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा आयटीआयला तो वर्षभरात तपासता येईल. मोठी प्रयोगशाळा लागत नाही: काही डबे, काही पाइपांचे तुकडे, तारखा लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि शेवटी उघडून पाहायचे दोन-चार कार्बोरेटर.

दुसरा प्रश्न मिसळण्याच्या वेळेचा. ऑइल न मिसळलेलं पेट्रोल महिन्याने एखाद्या मोटरसायकलीत ओतून संपवता येतं आणि टाकीत ताजं भरता येतं. पैसा वाया जात नाही. ऑइल मिसळलं की तो मार्ग बंद. म्हणून पेट्रोल वेगळं आणि ऑइल वेगळं ठेवावं, निघताना मिसळावं, असं हिशेबी मत आहे. त्यावरचा आक्षेप बचावाचं काम केलेल्या माणसाचा आहे आणि तो मला हलका वाटत नाही. रात्री दोनला, पावसात, विजेरीच्या उजेडात, फोनवर कोणीतरी आकांत करत असताना, ऑइल घातलं की नाही हे नक्की कोण सांगणार? दोघांनी घातलं किंवा कोणीच नाही, असंही होऊ शकतं. काहींनी त्यावर तोडगा काढलाय: ४०० मिलीची मोजून भरलेली, बूच बंद बाटली टाकीच्या कडीलाच बांधायची. बाटली भरलेली दिसली तर पेट्रोल कोरं, रिकामी दिसली तर मिसळलेलं.